लॉबीला दुखवटा नसतो

अकरा वाजता पालखी आत येईल, अकरा वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडेल आणि मधल्या वेळात कोणाचा चहासुद्धा थंड होणार नाही, असं दिशाने आईला छातीठोकपणे सांगितलं. तिच्यासमोर एक कागद होता आणि त्यावर बाणांसकट सगळा नकाशा होता. नऊ वर्षं विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागात काढली की माणसाला एक घमेंड येते: जगात जे काही बिघडू शकतं ते सगळं आपण आधीच वाचलेलं आहे. लोकांच्या आगी, पूर, जिन्यावरून घसरणं, गिझरचे स्फोट हे दिशाचं रोजचं वाचन. तिथे एका पालखीची काय कथा?

आई, कमळाबाई, तांदूळ निवडत होती. तिने नकाशाकडे पाहिलं आणि त्यात देवी कुठली ते विचारलं. दिशाने एक चौकोन दाखवला.

"कवरी बारकी केलीस गो," एवढंच म्हणून आई पुन्हा तांदळाकडे वळली.

पूर्वी गोष्ट सोपी होती. बाळकुमजवळच्या त्यांच्या पाड्यात चैत्र पौर्णिमेला देवीची पालखी निघायची. प्रत्येक ओट्यावर थांबायची, घरच्या माणसाने ओवाळलं की उठायची. मग भातशेती गेली, पाडा गेला आणि त्या जागी एक संकुल उभं राहिलं. त्याला काय म्हणावं हे जाहिरात करणाऱ्यांनाही नीट सुचलं नसावं, कारण त्यांनी नुसती चित्रंच काढली होती: इथे राहा, इथेच कामाला जा, इथेच भाजी घ्या आणि पुलावरून चार पावलं टाकली की मेट्रो. मेट्रो अजून यायची होती. पूल मात्र आला होता आणि संध्याकाळी त्यावर पाड्यातल्या म्हाताऱ्या वाऱ्याला बसायच्या. राहायचं तिथेच काम करायचं हे चित्रातलं आयुष्य खरोखर जगत होते ते दिशासारखे जमिनीच्या बदल्यात फ्लॅट मिळालेले चारसहा जण आणि पुलाखालची कुत्री. बाकीचे सगळे डोंबिवलीहून, शहाडहून, विठ्ठलवाडीहून दोन दोन वाहनं बदलून यायचे आणि लॉबीतल्या त्या चित्राखाली घाम पुसायचे.

दिशाचं घर होतं तिथे आता तिच्याच विमा कंपनीचा नऊ मजली टॉवर होता आणि पाचव्या मजल्यावर तिचं टेबल. नेमकं सांगायचं तर ओट्याच्या जागी लॉबी होती आणि चुलीच्या जागी कॉफीचं मशीन. जागा सोडताना तिच्या बाबांनी, परशुरामांनी, एकच हट्ट धरला होता. वर्षातून एकदा, दहा मिनिटं, पालखी आपल्या ओट्यावर थांबणार. बिल्डरने मान हलवली. कागदावर काही आलं नाही, तेव्हा कागदाची जागा बाबांनी स्वतःच भरून काढली. सात वर्षं ते पौर्णिमेच्या आधी आठवडाभर लॉबीत चकरा मारत, रखवालदारांना केळी वाटत आणि मॅनेजर बदलला की नव्याला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगत. मॅनेजर दर वर्षी बदलायचे. बाबांना त्याचं दुःख नसायचं. त्यांना ती गोष्ट सांगायला आवडायची.

ते कार्तिकात गेले.

फाल्गुनात टॉवरच्या मॅनेजर विनिता मॅडमचं पत्र आलं. पत्र अगदी सभ्य होतं. परशुरामकाकांच्या आठवणी होत्या, सांत्वन होतं. पुढे लिहिलं होतं की पालखीचा थांबा त्यांच्या शब्दाखातर ठेवला जात होता, यंदा घरात दुखवटा असल्यामुळे तो होणार नाही हे आम्ही समजू शकतो, पावसाळ्याआधी लॉबी नव्याने बांधायची आहे, तरी विषय मिटला असे समजतो.

दिशाने शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. हेच वाक्य ती स्वतः रोज दहा जणांना लिहायची. त्याचा अर्थ तिच्याइतका त्या टॉवरमध्ये कोणालाच ठाऊक नव्हता. एका वर्षी पालखी चुकली की ती कायमची चुकणार होती, आणि मग त्या जागी कधी कोणाचं घर होतं हे फक्त कॉफीच्या मशीनला माहीत असणार होतं.

पण आधी देवरामकाकांना पटवायचं होतं. काका पालखीचे मानकरी. वय पंच्याहत्तर. देवीचे सगळे नियम त्यांना पाठ होते आणि जे पाठ नव्हते ते जागच्या जागी तयार करण्याची त्यांची हातोटी होती. ते घरी आले, खुर्चीत बसले आणि चहा यायच्या आधीच निकाल देऊन मोकळे झाले.

"दुखवट्याचे घरी पालखी थांबत नाय. तुजा बापूस असता तर त्योच बोलला असता."

दिशाने वाद घातला नाही. दावा नाकारणाऱ्या माणसाशी वाद घालायचा नसतो, त्याला प्रश्न विचारायचे असतात, हे तिला माहीत होतं. तिने विचारलं, बाबा कुठे गेले? काका म्हणाले, इथेच की, या फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर. पालखी इथे अकराव्या मजल्यावर येते का? काका म्हणाले, नाही, ती समोरच्या लॉबीत येते. लॉबीत गेल्या वर्षभरात कोणी गेलंय का?

काकांनी आलेला चहा हातात घेतला.

"फ्लॅटला दुखवटा आहे, काका," दिशा म्हणाली. "लॉबीला दुखवटा नसतो."

काकांनी आपला चहा संपवला, मग दिशाचाही संपवला आणि नवा नियम जाहीर केला. ठीक आहे. लॉबीला दुखवटा नाही, तर पालखी लॉबीत थांबेल. पण मग ओवाळणारा माणूसही लॉबीचाच हवा. दिशाने किंवा तिच्या आईने थाळीला बोटसुद्धा लावायचं नाही. दिशा लगेच हो म्हणाली. लॉबीत दिवसाचे बारा तास उभा असणारा माणूस तिच्या ओळखीचा होता: विठ्ठलवाडीचा साईनाथ, रखवालदार. साईनाथही तयार झाला. कपाळाला गंध लावून ड्युटीवर उभा राहिलो तर पगार कापतील का, एवढं फक्त विचारून ठेवा म्हणाला.

विनिता मॅडम वाईट नव्हत्या. रोज डोंबिवलीहून येऊन त्या नऊ मजले सांभाळायच्या आणि कुठल्या मजल्यावरचा कुठला नळ गळतो हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. लॉबीला दुखवटा नाही, असं उत्तर दिशाने त्यांच्या पत्राला पाठवलं होतं आणि ते त्यांनी नीट वाचलं होतं. त्या म्हणाल्या, आता माघात नवे दरवाजे बसलेत, ॲपवर नाव नोंदवल्याशिवाय आत मुंगीही येत नाही. सगळं नियमात बसवून दाखव, दहा मिनिटं तुझी. एक नियम मोडला तर विषय खरोखरच मिटला.

दिशाने त्याच दिवशी, चौघे-चौघे आळीपाळीने खांदा देणाऱ्या बारा भोयांची नावं, फोटो आणि मोबाईल नंबर ॲपवर भरले. तिचा मामेभाऊ दिपेश पुढच्या दांडीला असायचा. त्याचा फोटो डोळे मिटलेले आहेत म्हणून चार वेळा परत आला. मग देवीचा प्रश्न उभा राहिला. साईनाथचं मत होतं, 'सामान' या सदरात टाकावं: लाकडी, एक नग. पण सामान तळघरातल्या मालाच्या लिफ्टने न्यावं लागतं असा नियम निघाला, आणि देवीला तळघरातून नेलं असतं तर काकांनी साईनाथलाच नग करून पाठवलं असतं. तेव्हा देवी पाहुणी ठरली. तिचे चांदीचे डोळे टक्क उघडे असल्यामुळे फोटो पहिल्या फटक्यात पास झाला. मोबाईल नंबर दिशाने स्वतःचा दिला.

शेवटचा रकाना होता, 'कोणाकडे आलात'. दिशाची बोटं सवयीने चालली आणि तिने बाबांचं नाव टाइप केलं. ॲपने क्षणभर विचार केला आणि सांगितलं, या नावाची व्यक्ती या इमारतीत नाही.

 मग तिने ते नाव पुसून स्वतःचं नाव घातलं, आणि ॲपने हिरवी खूण दाखवली.

गुरुवारी पौर्णिमा होती. अकराला पाच मिनिटं कमी असताना पालखी टॉवरच्या पायऱ्यांवर आली. बॅन्जोवाले नियमाप्रमाणे रस्त्यावरच थांबले. वाजवायचं नाही हा नियम मात्र त्यांना कोणी सांगितला नव्हता. दिशा दरवाजांच्या आतल्या बाजूला उभी होती. सहा अरुंद दरवाजे आणि कडेला एक रुंद, व्हीलचेअरसाठीचा. तो कार्ड लावल्यावर सात सेकंद उघडा राहतो. दिशाने स्वतः तेवढं अंतर पाच वेळा चालून पाहिलं होतं, आणि तिला चार सेकंद लागले होते. म्हणजे तीन सेकंद शिल्लक.

दिपेशने पाहुण्यांचं कार्ड लावलं. काचा बाजूला झाल्या. पुढचे दोन भोई आत आले.

आणि पालखी झुलायला लागली.

देवीची पालखी चालत येत नाही. तीन पावलं पुढे, मग जागच्या जागी झुलणं, मग पुन्हा तीन पावलं. पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. दिशा बाबांच्या खांद्यावर बसायची तेव्हापासून हे बघत आली होती. पण नकाशा काढताना तिने ऑफिसला जाणाऱ्या बाईची चाल मोजली होती. सातव्या सेकंदाला काचा मिटल्या आणि पालखीच्या दांड्यावर येऊन थबकल्या. दोन भोई आत, दोन बाहेर आणि देवी बरोबर दाराच्या मध्ये, झुलत.

दरवाजातून एका गोड बाईचा आवाज आला: कृपया एक पाऊल मागे घ्या.

काकांनी आवाज कोणाचा म्हणून इकडेतिकडे पाहिलं. आवाज पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर सगळेच्या सगळे सात दरवाजे बंद पडले. चहाला निघालेले आत अडकले आणि चहा पिऊन आलेले बाहेर.

विनिता मॅडम धावत आल्या. त्यांनी शांतपणे समजावलं की घाबरण्याचं कारण नाही, पालखी एक पाऊल मागे घेतली की दरवाजा पूर्ववत होईल आणि मग सगळे पुन्हा उघडतील. एकच पाऊल, दहा सेकंद.

"पालखी मागं येत नाय," देवरामकाका म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, फक्त एक पाऊल.

"मॅडम, पूर आयलेला, छातीपर्यंत पानी. तवा पन मागं नाय आयली. यो तर नुसता दरवाजा हाय."

दुरुस्तीवाला शहाडला होता, त्याला यायला दीड तास लागणार होता. साईनाथला मॅडमनी मेन स्विच शोधायला तळघरात पिटाळलं. तो कपाळावरच्या गंधासकट गेला. दिपेशचं म्हणणं होतं की पालखी मागे येत नसेल तर दरवाज्याने पुढे यावं, आणि तो खांदा लावून तशी व्यवस्था करायला तयार होता. तिसऱ्या मजल्यावरच्या एका टाय लावलेल्या गृहस्थांनी सुचवलं की चारही भोयांनी तोंडं उलटी फिरवावीत, म्हणजे जे मागे आहे तेच पुढे होईल. काकांनी त्यांना गाव विचारलं. गृहस्थांनी सांगितलं. काका म्हणाले, वाटलंच.

बाहेर बॅन्जोवाल्यांनी चाल बदलून जलद केली होती, त्यामुळे भोयांना थांबताही येईना. मोठ्या काचेपलीकडे पायऱ्यांच्या कडेला कमळाबाई उभी होती. दुखवट्याची म्हणून ती पुढे आली नव्हती. सात वर्षं बाबा पालखी टेकली की घड्याळ बघत मिनिटं मोजायचे, एकही मिनिट वाया जाऊ नये म्हणून. आज मोजायला आई होती, पण पालखी टेकलीच नव्हती.

विनिता मॅडम दिशाला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलल्या. पालखी मागे घ्यायला सांग. नाहीतर लॉबी बंद पडली असा अहवाल मला द्यावा लागेल, आणि मग पुढच्या वर्षी मला काही विचारू नकोस. त्या धमकी देत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की त्यांनाही हे नको होतं.

बाबा असते तर त्यांनी केळी वाटली असती. दिशाकडे केळी नव्हती. तिच्याकडे होतं ते केशरी जाकीट. आग लागल्यावर पाचव्या मजल्याची माणसं खाली आणायची जबाबदारी तिच्यावर होती, कारण त्या प्रशिक्षणाच्या दिवशी जागी राहिलेली ती एकटीच होती. जागी राहिल्यामुळे तिला एक गोष्ट पक्की आठवत होती. आगीची घंटा वाजली की इमारतीतले सगळे दरवाजे आपोआप उघडतात आणि उघडेच राहतात.

खांबावरच्या आगीच्या घंटेच्या लाल डबीकडे तिची नजर गेली. विनिता मॅडमनी ती नजर पकडली.

"दिशा, नको. तू इथे नोकरी करतेस."

"करते," दिशा म्हणाली. "त्याआधी इथे राहायचे. ते कॉफीचं मशीन आमच्या चुलीवर उभं आहे, मॅडम. आम्ही त्याला कधी मागे हो म्हटलं नाही."

आणि तिने कोपराने डबीची काच फोडली.

घंटा अशी वाजली की बॅन्जोवाले पहिल्यांदाच गप्प झाले. सातही दरवाजे सपकन उघडले. पालखी तीन पावलं पुढे आली, झुलली, पुन्हा तीन पावलं पुढे आली आणि लॉबीच्या मधोमध, ओटा होता तिथे, टेकली. तेवढ्यात जिन्याचं दार उघडलं आणि माणसं उतरायला लागली. नऊ मजल्यांची माणसं. कोणी लॅपटॉप छातीशी धरून, कोणी डबा घेऊन, एक जण फोनवर कोणाला तरी शेवटचं बोलल्यासारखा बोलत. खाली येऊन बघतात तर आग नाही, हारांनी मढलेली देवी. पहिल्या चौघांनी चपला काढून हात जोडले. मागच्यांना वाटलं, बाहेर पडायची हीच पद्धत असेल. पाहता पाहता रांग लागली. "खाली देवी आलीय, प्रसाद आहे," असं जिन्यात कोणीतरी वर ओरडलं आणि उतरणाऱ्यांचा वेग एकदम वाढला.

काका हातात थाळी घेऊन साईनाथला शोधत होते. साईनाथ तळघरात होता. ओवाळल्याशिवाय पालखी उठणार नव्हती, आणि दिशा व तिची आई सोडून काकांना कोणीही चालणार होतं. विनिता मॅडम यादी हातात घेऊन माणसं मोजत होत्या. काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"लॉबी कोनाची?"

"माझी," मॅडम म्हणाल्या. घंटा वाजत असताना असा प्रश्न आला की हेच उत्तर द्यायचं असतं.

"मंग ओवाल," म्हणत काकांनी थाळी त्यांच्या हातात दिली.

मॅडमनी एकदा थाळीकडे पाहिलं, एकदा देवीकडे. मग यादी काखेत मारली, पदर नव्हता म्हणून ओळखपत्राची पट्टी खांद्यावर टाकली आणि ओवाळलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. काचेपलीकडे आईची नजर घड्याळावर होती आणि दर मिनिटाला तिचे ओठ हलत होते. ती काय म्हणतेय ते दिशाला इतक्या लांबूनही कळलं: सात, आठ, नऊ.

दुपारी दिशाने टेबलाचा खण रिकामा केला. दोन पुस्तकं, एक कप, चार्जर. तिला वाईट वाटत नव्हतं. विषय मिटला असं कोणी लिहिलं तर त्याला काय उत्तर द्यायचं याचा मसुदाही तिने मनात तयार करून ठेवला होता. चार वाजता मॅडमचा फोन आला की खाली ये.

मॅडम अहवाल लिहीत होत्या. त्या म्हणाल्या, मी खोटं लिहीत नाही. घंटा वाजली. सहाशे बारा माणसं सहा मिनिटं चाळीस सेकंदात खाली आली. मागच्या सरावाला एकोणीस मिनिटं लागली होती आणि चौथा मजला आलाच नव्हता. दारात अडथळा असतानाही दरवाजे उघडले. एवढं सगळं खरंच आहे. घंटा का वाजवली ते कोणी विचारलं, तर तुझ्याकडे पाठवते.

कोणी विचारलं नाही. तीन दिवसांनी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं, कौतुकाचं. असा आग-सराव या टॉवरमध्ये दर वर्षी चैत्र पौर्णिमेला, सकाळी अकरा वाजता, दहा मिनिटं घेण्यात यावा. तो वार्षिक वेळापत्रकात कायम करण्यात येत आहे. प्रमुख म्हणून दिशा यांनी काम पाहावं. फोडलेल्या काचेचे पैसे त्यांच्या पगारातून घ्यावेत. आणि सरावात एक जखमी व्यक्ती उचलून नेणं नियमाने आवश्यक असल्यामुळे, चौघांनी उचलून आणलेल्या त्या वस्तूची नोंद यापुढे 'जखमी' अशी करावी.

हे शेवटचं वाक्य देवरामकाकांना वाचून दाखवायचं दिशाच्या जिवावर आलं होतं. काकांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग त्यांनी खिडकीतून खाली टॉवरकडे पाहिलं.

"जखमी मानूस दहा मिनटान उठतं काय?" ते म्हणाले. "वीस लिव."

बाबांना सात वर्षांत अकरावं मिनिट मिळालं नव्हतं. दिशाने तिथेच बसून उत्तर लिहिलं: जखमीची अवस्था पाहता वेळ वीस मिनिटे करण्यात यावी. संध्याकाळी मंजुरी आली. खाली एकच ओळ होती: जखमीचे वय कळवावे, साठच्या पुढे असल्यास व्हीलचेअर लागेल. काका म्हणतात, अठरा टाक. आई म्हणते, देवीच्या बाबतीत तरी खोटं नको. दिशाने तो रकाना तूर्तास रिकामाच ठेवला आहे.